हाकेला ओ

रहेमतबी पोरांशी कधी खोटं बोलत नसे. अंबाजोगाईच्या, म्हणजे सरकारी कागदातल्या मोमिनाबादच्या दवाखान्यात आया म्हणून तिला चौदा वर्षं झाली होती आणि या चौदा वर्षांत "काही दुखणार नाही" हे वाक्य तिने एकदाही उच्चारलं नव्हतं. दुखणार असेल तर दुखेल म्हणून सांगायची. कुठे दुखेल, किती वेळ दुखेल, तेव्हा काय करायचं, सगळं सांगायची. कंपाउंडर ख्वाजा एखाद्या पोराला "मुंगी चावल्यासारखं वाटेल हां" म्हणाला, की तिथल्या तिथे त्याची हजेरी घ्यायची.

"तुला चावली हाय का बे असली मुंगी कधी?"

ख्वाजा तिच्या मुलाच्या वयाचा. तो निमूट ऐकून घ्यायचा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती पोराला मांडीवर घेऊन बसायची. भूल देण्याची तारेची जाळी असते, तिच्यावर फडकं ताणलेलं असतं. ती जाळी आधी स्वतःच्या नाकावर धरायची, मग एका चिंध्यांच्या बाहुलीच्या, मग पोराच्या हातात द्यायची. यात औषधाचे थेंब पडतात. वास गोड असतो, पण जीव कोंडल्यासारखा होतो. मग झोप येते. उठल्यावर मळमळतं आणि मग दुखतं. आईलाही ती हेच सगळं सांगायची आणि वर बजावायची, की रडायचं असेल तर विहिरीवर जाऊन रड, पोराच्या उशाशी नको.

खेड्यापाड्यातल्या बायांची आणखी एक रीत होती. पोर जिथे भ्यालं, जिथे त्याने किंकाळी मारली, तिथून निघताना आईने त्याचं नाव घेऊन तीनदा हाक मारायची. "चल बाळा, घरी चल." नाही मारली तर पोर तिथेच राहतं म्हणे. रहेमतबीचा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण भुलीतून वर येणाऱ्या पोराच्या कानावर पहिला आवाज आईचा पडतो, एवढं तिला पुरेसं होतं. म्हणून ती पोरांच्या आयांना टेबलापर्यंत येऊ द्यायची, आणि जुने डॉक्टर बिडी ओढायच्या निमित्ताने बाहेर जायचे.

फसली तेराशे तेवीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तेराच्या, दसऱ्यानंतर ते बदलून गेले आणि हैदराबादहून डॉक्टर राधाकिशन आले.

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. हात असा, की बघत राहावं. पण आल्या आठवड्यातच एका बाईने पोराच्या ताज्या जखमेत देवाचा अंगारा भरला आणि ते पोर चौथ्या दिवशी गेलं. डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली, उर्दूत आणि मराठीत. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोरांच्या आयांनी फाटकाच्या आत यायचं नाही. पोराला टेबलावरून मागल्या दाराने थेट वॉर्डात न्यायचं. हाका, नवस, अंगारे, सगळं बंद.

"हा दवाखाना आहे, रहेमतबी. जत्रा नाही," ते म्हणाले.

अंगारा एका बाईने भरला आणि दार सगळ्यांना बंद झालं, याचा रहेमतबीला असा संताप आला, की त्या दिवशी तिने उकळत्या पाण्यात हत्यारं टाकताना स्वतःचा हात पोळून घेतला. पण हुकूम तो हुकूम. आया फाटकाबाहेर चिंचेखाली बसू लागल्या.

ऑपरेशनची खोली म्हणजे पलटणीचा जुना तबेला. घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून भिंतीत होत्या. खाली शहाबादी फरशी, मधोमध सागवानी टेबल, टेबलाखालून मोरीकडे जाणारा उतार. एक दार पुढच्या व्हरांड्यात आणि एक मागच्या. कार्बोलिकचा वास भिंतींत मुरलेला, आणि त्याच्याखाली क्लोरोफॉर्मचा गोडसर. या खोलीत तिला कधी काही वाटलं नव्हतं. घासायची जागा होती ती.

पाटी लागल्यापासून पोरं शांत झाली. डॉक्टर खूश होते. पट्टी बदलताना कुणी हातपाय झाडत नव्हतं, जखमा भराभर भरत होत्या. रहेमतबीला मात्र ते बघवेना. रडणाऱ्या पोराचं काय करायचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण वाळलेली पट्टी ओरबाडून काढतानाही पोर स्वतःच्या मांडीकडे शेजाऱ्याची मांडी असल्यासारखं बघत बसलं, तर त्याचं काय करायचं?

संक्रांतीच्या आसपास केजची विमलबाई परत आली. तिच्या सटवाच्या मानेचं गळू दिवाळीत कापलं होतं. पाच वर्षांचं पोरगं, गुटगुटीत. जखमेचा व्रणही नीट बसला होता.

"पोरगं बरं हाय, खाला," विमलबाई म्हणाली, "पण हाक मारली की बघत न्हाई."

डॉक्टरांनी त्याच्या कानाशी घड्याळ धरलं, टाळी वाजवली, मागून बोटं मोडली. पोराला सगळं ऐकू येत होतं. जेव म्हटलं की जेवतो, बस म्हटलं की बसतो. फक्त "सटवा" म्हटलं की काही नाही. दुसऱ्याच कुणाला बोलावल्यासारखा उभा.

"याला काहीही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "घेऊन जा."

विमलबाईने पोराला काखोटीला मारलं. जाता जाता ती रहेमतबीपाशी थांबली.

"त्या दिशी मला हाक मारू दिली न्हाई, खाला. तुमी बी न्हाई."

रहेमतबी तिच्यावर खेकसली. असल्या खुळ्या समजुतींपायीच तुमी बाया पोरं घालवता, असं काहीबाही बोलली. राग खरा होता, पण तो विमलबाईवरचा नव्हता, हे तिला बोलतानाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोलीची फरशी धूत होती. ख्वाजा जेवायला गेला होता, डॉक्टर निजले होते. दोन्ही दारं उघडी, बाहेर कडक ऊन. केरसुणीने पाणी मोरीकडे लोटत ती स्वतःशीच पुटपुटत होती, कालचा राग अजून उतरला नव्हता.

"येडी बाई. म्हणे बघत न्हाई. सटवा न् फटवा..."

"ओ."

केरसुणी थांबली. आवाज बारीक होता. खेळात दंग असलेलं पोर मान वर न करता देतं, तशी ओ. टेबलाखालून आली होती.

तिने वाकून पाहिलं. ओली फरशी. टेबलाचे चार पाय. बाहेरच्या व्हरांड्यात कुणी नव्हतं, मागे वाळत घातलेल्या पट्ट्या होत्या. तबेल्याची छपरं उंच असतात, कुठला आवाज कुठे घुमेल नेम नाही, असं तिने स्वतःला बजावलं. मग खात्री करायची म्हणून तिने बाजारातल्या दोनतीन पोरांची नावं मोठ्याने घेतली. काही नाही. छप्पर घुमलंही नाही.

"सटवा," ती हळूच म्हणाली.

"ओ."

तोच आवाज, तेवढाच लांब.

रहेमतबीने फरशी पुरी धुतली. काम अर्धं टाकायची तिला सवय नव्हती. फक्त टेबलाखाली तिने केरसुणी घातली नाही. आणि त्या दिवसापासून त्या खोलीत ती कुणाचंही नाव घेईना, ख्वाजाचंसुद्धा.

पंधरा दिवसांनी चकलांब्याची गाडी आली. अर्जुनराव आणि वच्छलाबाई चार दिवसांची वाट तुडवून आले होते, गवतावर त्यांची शिवकन्या निजलेली. सहा वर्षांची पोर. पायात काटा मोडला, आत सडला, पू हाडापर्यंत गेला. पाय उघडून हाड खरवडल्याशिवाय पोर वाचत नव्हती. वच्छलाबाईला आधी तीन झाली होती आणि तिन्ही गेली होती, हे अर्जुनरावांनी सांगितलं. वच्छलाबाई पोरीच्या पायावरच्या माशा वारत बसली.

पोर मात्र तिखट होती. रहेमतबीने जाळी नाकावर धरून दाखवली, तशी तिने ती हिसकावून उलटीपालटी करून पाहिली.

"दुखंल?"

"झोपेत न्हाई. उठल्यावर दुखंल."

"लई?"

"लई. मग तू माझा आंगठा धरायचा आन् जेवढं दुखंल तेवढा आवळायचा."

पोरीने लगेच आंगठा आवळून पाहिला. नखं रुतली. मग तिने विचारलं, "आन् आई कुठं आसंल?"

चौदा वर्षांत पहिल्यांदा एका पोराने प्रश्न विचारला होता आणि रहेमतबीकडे देण्याजोगं खरं उत्तर नव्हतं. तिने पोरीला उशीवर टेकवलं आणि ती तरातरा डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"साहेब, उद्या या पोरीच्या आईला आत घ्या."

"नाही." डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं नाही.

"हात धुवून घेते तिचे. तोंडाला फडकं बांधते. कोपऱ्यात उभी करते."

"एकीला घेतलं की सगळ्या येतील."

"मग येऊ द्या की! त्यांचीच पोरं हायत ना?" तिचा आवाज चढला. "तुमचा हात सोन्याचा हाय, मी कुठं न्हाई म्हणते? पण पोरं हितून घरी जातात न् हाकेला ओ देत न्हाईत. विमलबाईचा एक आला. बाकीचे आले न्हाईत, कारण तुमच्यापुढं बोलायची छाती न्हाई कुणाची!"

"मी त्या मुलाचे कान तपासले आहेत."

"कान न्हाई वो..." ती थांबली. टेबलाखालची गोष्ट जिभेवर आली आणि तिने गिळली. सांगितली असती तर डॉक्टर हसले असते, आणि ते हसले असते तर तिने शाईची दौत त्यांच्या अंगावर भिरकावली असती.

"मुलांना धीर द्यायला तुम्ही असता ना तिथे?" डॉक्टर म्हणाले, आणि ते त्यांनी अगदी मनापासून विचारलं. "पुन्हा हा विषय काढलात तर मला दुसरी आया बघावी लागेल."

सकाळी आठला पोरीला टेबलावर घेतलं. ख्वाजा थेंब सोडू लागला. शिवकन्येने आंगठा घट्ट धरला होता. जीव कोंडला तसं ती जाळीखालून ओरडली, "आये!" आणि फाटकाकडून, एवढ्या लांबून, उत्तर आलं. मग डॉक्टरांनी खूण केली आणि ख्वाजाने पुढचं दार लावून घेतलं. पोरीची पकड ढिली झाली.

हाड खरवडल्याचा आवाज रहेमतबीने पुष्कळदा ऐकला होता. त्या दिवशी तो संपेना. डॉक्टरांनी काम चोख केलं, पाय वाचवला, टाके घातले. पोरीला मागल्या दाराने वॉर्डात नेलं.

दुपारी शिवकन्येने डोळे उघडले. ओकली नाही, रडली नाही. छताकडे बघत राहिली.

"शिवकन्ये," रहेमतबी म्हणाली.

पोरीने मान वळवली नाही.

तिने आपला आंगठा पोरीच्या मुठीत दिला. मूठ उघडीच राहिली. तिने पट्टीच्या कडेला, जिथे हात लावला तर मोठा माणूस किंचाळेल तिथे, हलकंच बोट टेकवलं. पोरीने त्या बोटाकडे पाहिलं. शेजाऱ्याचा पाय असल्यासारखं.

मग रहेमतबी उठली. तिच्या डोक्यात दुसरं काही उरलं नव्हतं, नोकरी नाही, साहेब नाही, पाटी नाही. फाटकापाशी जाऊन तिने वच्छलाबाईचं मनगट धरलं आणि तिला ओढतच आत आणलं. चौकीदार आडवा आला, त्याला ढकललं. व्हरांड्यात डॉक्टर आडवे आले.

"हात लावून बघा मला!" ती म्हणाली.

डॉक्टरांनी हात लावला नाही.

खोली धुतलेली नव्हती. टेबलावरचं कापड तसंच होतं.

"हाक मार," रहेमतबी म्हणाली.

"हितं? पोरगी तर तिकडं..."

"हाक मार म्हणते ना!"

वच्छलाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"शिवकन्ये."

"ओ."

टेबलाखालून.

डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा रहेमतबीने पाहिला.

वच्छलाबाई दचकली नाही. ती उकिडवी बसली आणि टेबलाखाली बघू लागली, खाटेखाली लपलेल्या पोराकडे बघावं तशी. "शिवकन्ये, चल माय. घरी चल."

काही नाही. मोरीत पाणी ठिबकत होतं.

"चल की गं. मी आले ना."

तिने दोन्ही हात टेबलाखाली घातले. थोडा वेळ तशीच राहिली. मग एक हात गुडघ्यावर टेकून, कण्हत, ती उठली. हात छातीशी धरलेले. हातांत काही नव्हतं.

ती दाराकडे चालू लागली. पावलं जड पडत होती.

डॉक्टर बाजूला सरले. एका बाईला लागते त्याहून जास्त जागा त्यांनी करून दिली.

वॉर्डात जाऊन ती पलंगावर ओणवी झाली आणि हात सोडले.

शिवकन्येने किंकाळी फोडली.

"आये गं! पाय! दुखतंय की गं आये!"

अख्खा वॉर्ड जागा झाला. पोर ओकली, रडली, आईला चावली. रहेमतबी भिंतीला टेकून हुंदके देऊ लागली. चौदा वर्षांत कुणाचं रडणं तिला इतकं गोड लागलं नव्हतं. वच्छलाबाई आपले दंड चोळत होती.

"लई जड लागली वो, खाला," ती हळूच म्हणाली. "दोन दिस झाले पोटात अन्न न्हाई. तरी कावून एवढी जड?"

संध्याकाळी ख्वाजाने पाटी काढली. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पण ते स्वतः खोलीबाहेर आले नाहीत आणि या गोष्टीबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. एवढ्याने रहेमतबीचा राग निवणार नव्हता. दसऱ्यापासून किती पोरं त्या मागल्या दाराने गेली होती! आणि प्रत्येकाच्या वेळी टेबलाच्या उशाशी ती स्वतः उभी होती. हुकूम तो हुकूम म्हणत. डॉक्टरांवरचा राग तिला पेलवत होता, स्वतःवरचा पेलवत नव्हता.

तिने बाजारच्या गाडीवानांबरोबर गावोगाव सांगावे धाडले. पोराला घेऊन या आणि येऊन हाक मारा. पहिला सांगावा केजला, विमलबाईला. आणि मग ती एकटीच खोलीत गेली.

"सटवा," तिने हाक मारली.

तीनदा मारली. कुणी ओ दिली नाही. आता आईच्या हाकेला देईल, असं म्हणून ती बाहेर आली.

शिवकन्येचा पाय तीन आठवड्यांत भरला. पट्टीच्या वेळी ती दवाखाना डोक्यावर घ्यायची, रहेमतबीचा आंगठा काळानिळा करायची. भूक मात्र अशी लागली होती, की आईच्या वाटची भाकरीसुद्धा खायची. आणि निजायची पलंगाच्या अगदी कडेला. सरक म्हटलं तर म्हणायची, "जागा न्हाई." रहेमतबी हसायची. वच्छलाबाई हसत नसे. ती त्या मोकळ्या अर्ध्या पलंगावरही गोधडी नीट पसरायची.

निघायच्या दिवशी सकाळी अर्जुनरावांनी गाडी जुंपली. शिवकन्या गवतावर बसून बैलांना शिव्या देत होती. वच्छलाबाई घाईत होती. रहेमतबीच्या पाया पडली, पण नजर रस्त्याकडे.

गाडी फाटकाबाहेर पडली आणि समोरून विमलबाई आली. धुळीने माखलेली, काखेत सटवा.

"आलीस गं बाई!" रहेमतबी पुढे धावली. "चल, आत चल. कुणी आडवत न्हाई आता."

विमलबाईचा श्वास लागला होता. तिने पोराला खाली सोडलं. "सटवा, उभा ऱ्हा रं बाळा."

पोरगा उभा राहिला. नेहमीसारखा, दुसरीकडे बघत.

"ओ," गाडीतून आवाज आला.

बायकांच्या माना वळल्या. शिवकन्या गाडीच्या कठड्यावरून वाकली होती. ती विमलबाईकडे बघत होती, लई दिवसांनी आई दिसावी तशी, आणि तिने दोन्ही हात पुढे केले होते.

विमलबाई एक पाऊल पुढे आली. रहेमतबीने गाडीचा कठडा धरला.

वच्छलाबाईने पोरीला मागे ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. जोराने नाही.

"खाला, सोडा," ती म्हणाली. "आता त्याला हिच्यापासून सोडवायला गेलं तर माझी बी जाईल."

रहेमतबी गाडीबरोबर चारदोन पावलं ओढली गेली. एवढा राग घेऊन ती आयुष्यभर जगली होती, आणि आता तो कुणावर काढायचा, हेच तिला कळेना.

"बैलं हाना," वच्छलाबाई नवऱ्याला म्हणाली.

मागे विमलबाई नाव घेऊन हाका मारू लागली, एकीवर एक. गाडी चिंचेखालून वळली. वच्छलाबाईचा हात पोरीच्या तोंडावर तसाच होता, आणि दर हाकेला त्या हाताखाली ओठ हलत होते.